काठापर्यंतचं तळं

वैद्यनाथरावांनी आयुष्यात वाळवंट पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असंही कधी वाटलं नव्हतं. कावेरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला वाळू ठाऊक असते ती उन्हाळ्यात नदीच्या पात्रात उघडी पडते तेवढीच. कुंभकोणमच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं पितळी भांड्यांचं दुकान चालवलं, मग पाठ कुरकुरायला लागली तेव्हा ते पुतण्याच्या, जानकीरामच्या, हवाली केलं आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच. सकाळी ओट्यावर, दुपारी झोपाळ्यावर, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई यांना नवरा इतका वेळ घरात असण्याची सवय नव्हती. "दुकानात गिऱ्हाइकाचं डोकं खात होतां, ते बरवं होतं," असं त्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत त्यांच्या तोंडावर म्हणत.

असा हा माणूस आता रोज सकाळची कॉफी झाली की कॉम्प्युटरपुढे बसून वाळवंटातली तळी बघत होता. एक दिवस राजस्थानातलं, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातलं, कधी सहाराच्या कडेचं एखादं. गल्लीतल्या लोकांना ते ही बातमी अशा थाटात सांगत की जणू नुकतेच उंटावरून उतरून आले आहेत.

हे सगळं वाणीचं काम. वाणी त्यांची एकुलती मुलगी, पस्तिशीच्या पुढची. बंगळुरूला नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत दहा वर्षं होती. अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून घरी आली आणि दीड वर्ष झालं तरी राहिली. कंपनीचं काम घरूनच करायची. मग कंपनीने कळवलं की पुरे झालं, जुलै संपायच्या आत ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राम राम. वाणी त्यावर घरात काही बोलली नाही. तिने गुपचूप दुसरं काम शोधलं.

जोधपूरला एक संस्था होती, वाळवंटातल्या पाण्याचा अभ्यास करणारी. ही तळी मोठी लहरी असतात. पाऊस पडला की भरतात, दोन महिन्यांत आटतात, काही तर वर्षानुवर्षं कोरडीठाक पडून राहतात आणि मग एखाद्या साली अचानक समुद्रासारखी पसरतात. उपग्रह त्यांच्यावरून दर काही दिवसांनी जातो आणि फोटो काढतो. त्या प्रत्येक फोटोत पाण्याभोवती कुणीतरी रेघ काढायची, म्हणजे तळं कधी किती भरलं ते कळतं. मशीनही हे करतं, पण मशीन सावलीला आणि ओल्या चिखलाला फसतं, म्हणून माणसाचे डोळे हवेत. आणि त्यातही एक नियम होता. प्रत्येक फोटो दोन माणसांनी वेगवेगळा बघायचा, एकाने दुसऱ्याची रेघ पाहायची नाही. दोन रेघा जुळल्या तर पाणी पक्कं. जुळल्या नाहीत तर संस्था पुन्हा बघणार. त्यामुळे काम एकट्याला मिळत नसे, जोडीला मिळे. आधी तीन महिने परीक्षा, आणि दोघांच्या रेघा शंभरात नव्वद जुळल्या तर पुढे दोन वर्षांचं काम.

वाणीने जोडीदार म्हणून आधी दारासुरमच्या एका मैत्रिणीला विचारलं. तिच्या घरी लग्नसराईची रेशमाची कामं चालू होती, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग वाणीने झोपाळ्याकडे पाहिलं.

"अप्पा, तुमचे डोळे कसे आहेत?" तिने विचारलं.

"मोतीबिंदू काढलेले. नवेकोरे," वैद्यनाथराव म्हणाले. असं त्यांचं वाळवंट सुरू झालं.

पहिला आठवडा रंग शिकण्यात गेला. उपग्रहाला आपल्याला न दिसणारा उजेडही दिसतो, म्हणून ही चित्रं उलट्यापालट्या रंगांत असतात, असं वाणीने समजावलं. पाणी काळं किंवा गडद निळं, मीठ पांढरंशुभ्र, वाळू पिवळसर आणि झाडं चक्क तांबडी. वैद्यनाथरावांना झाडांचं तांबडेपण काही केल्या पटेना. तंजावरच्या बाजूचं एक चित्र वाणीने मुद्दाम उघडून दाखवलं, तर सुंदरपेरुमाळ कोयिल गावाची सगळी भातशेतं कुंकू सांडल्यासारखी दिसली. ते पाहून त्यांनी मीनाक्षीबाईंना हाक मारली आणि पुढे तासभर त्यांनाही शिकवलं. मीनाक्षीबाईंच्या हातातली फोडणी तेवढ्यात करपली, त्याचं खापर सहारावर फुटलं.

माउस धरायला मात्र त्यांना वेळ लागला नाही. भांड्याचा काठ कुठे चेपला आहे का ते बोट फिरवून बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला तळ्याच्या काठावरून रेघ फिरवणं काय जड. ते सावकाश, जीभ दातांत धरून, तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालत आणि जिथून निघाले तिथेच येऊन मिळत. एक तळं झालं की मागे रेलून त्याकडे कौतुकाने बघत. त्यांना हे काम मनापासून आवडलं होतं. त्याहूनही आवडलं होतं ते हे, की पलीकडच्या टेबलाशी पाठमोरी वाणी बसलेली असे, आणि दोघांमध्ये न बोलता सकाळ निघून जाई.

महिना संपला आणि जोधपूरहून ईमेल आलं. संस्थेत या कामावर देखरेख करणाऱ्या बाई साताऱ्याकडच्या होत्या, जयश्री नावाच्या. त्यांनी गोड शब्दांत लिहिलं होतं की रेघा साठच्या आसपासच जुळतात, आणि दुसऱ्या निरीक्षकाची तळी सगळीकडे मोठी आहेत.

"तळं मोठं आहे, त्यास मी काय करू?" वैद्यनाथराव म्हणाले. त्यांना लागलं होतं.

महिन्याचं काम पाठवून झालं होतं, तेव्हा आता दोन्ही रेघा एकत्र बघायला हरकत नव्हती. वाणीने त्या एकावर एक ठेवल्या. मोठ्या पातेल्यात लहान वाटी ठेवावी तसं तिचं तळं त्यांच्या तळ्यात बसलं होतं. दुसऱ्या चित्रातही तसंच, तिसऱ्यातही.

"हे पाहा अप्पा, पाणी एवढंच आहे. काळं आहे तेवढंच."

"पाणी तेवढंच आहे, मी कोठे नाही म्हणतो?"

"मग रेघ इतक्या बाहेरून कां काढलां?"

"तळं तेवढं आहे म्हणून."

वाणीने कपाळाला हात लावला. वैद्यनाथरावांनीही मनातल्या मनात लावला. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं बोलणं वेड्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी तळी लहान काढायचा प्रयत्न केला. पण जे डोळ्यांना दिसतं ते सोडून अंदाजाने आत सरकायचं म्हणजे अंधारात सुई ओवणं. कुठे फार आत गेले, कुठे बाहेरच राहिले. आकडा थोडा वर चढला आणि तिथेच अडकून बसला. वाणी चिडली नाही, नुसतं "बघू" म्हणाली. ते "बघू" त्यांना अजिबात आवडलं नाही.

आणि मग एका दुपारी ते मागच्या दारी हात धुवायला गेले, तेव्हा वाणी विहिरीच्या कट्ट्यावर बसून फोनवर बोलत होती. बंगळुरूची तिची जुनी मैत्रीण सरस्वती, हे त्यांना आवाजावरूनच कळलं. "खोली पाहून ठेव," वाणी तमिळमध्ये म्हणत होती. "कंपनीने बोलावलं आहे. हे काम न मिळालं तर जुलैअखेरीस येईन असंच धर."

वैद्यनाथराव हात न धुताच परतले. झोपाळ्यावर बसले, पण झोका घेतला नाही. या दीड वर्षात ते जितके सुखात होते तितके आधी कधी नव्हते, हे त्यांना तेव्हा स्पष्ट कळलं. रसममध्ये मीठ किती यावरून मायलेकींची रोज होणारी वादावादी, एकादशीला भजनात टाळ धरून वाणी अभंगाची दुसरी ओळ पहिलीच्या आधी म्हणते ते, सकाळी पेपर मोठ्याने वाचून त्यातल्या बातम्यांवर तिचं ते भांडणं. हे सगळं जुलैअखेरीस बसमध्ये बसून जाणार होतं.

आता कुणी म्हणेल, मग मुलीला सरळ सांगावं की जाऊ नकोस. पण तेच तर त्या घरात होत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी वाणी पहिल्यांदा बंगळुरूला निघाली तेव्हा वैद्यनाथरावांनी स्टेशनवर नुसतं तोंड पाडलं होतं, तर ती पोर गाडी सुटेपर्यंत रडत होती. त्या दिवशी नवरा-बायकोने ठरवून टाकलं की पोरीच्या पायात आपण घुटमळायचं नाही. तेव्हापासून दोघं हसतमुखाने तिला निरोप देत आणि घरी येऊन दोन दिवस धड जेवत नसत. या नेमाचा त्यांना अभिमानही होता.

जुलैच्या मध्यावर परीक्षेचा तिसरा महिना संपत आला. वाणीची चित्रं काढून झाली होती, वैद्यनाथरावांची बाकी होती. त्या दिवशी मायलेकी तिरुविसनल्लूरला मीनाक्षीबाईंच्या बहिणीकडे गेल्या, संध्याकाळच्या बसने येऊ म्हणाल्या. घरात वैद्यनाथराव, झाकून ठेवलेला दहीभात आणि कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर वाणीचं काम कुठे असतं हे त्यांना ठाऊक होतं. तिने ते लपवलं नव्हतं. अप्पांपासून काही लपवायची या घरात रीतच नव्हती.

त्यांनी जन्मात कधी तराजूच्या काट्याला बोट लावलं नव्हतं. पितळेला तांब्याचा मुलामा देऊन विकणारे शेजारी होते, त्यांच्याकडे ते पाण्याचा पेलाही घेत नसत. तोच माणूस मुलीच्या रेघा उघडून बसला आणि त्यांच्यावरून आपल्या रेघा गिरवत गेला. वर शहाणपणही केलं. कुठे केसभर आत, कुठे केसभर बाहेर, म्हणजे अगदी छापल्यासारखं दिसू नये. सगळी चित्रं झाल्यावर त्यांनी दहीभात खाल्ला. तो त्यांना कडू लागला.

संध्याकाळी वाणीने परत आल्याआल्या दोघांचं काम पाठवून दिलं आणि मग आकडा काढून पाहिला. शहाण्णव. तिने अम्माला हाक मारली, अप्पांचे दोन्ही खांदे धरून हलवले. "अप्पा, डोळे कोठून आणलां हे?" असं हसत विचारलं. मीनाक्षीबाईंनी लगोलग पुरण घालायला डाळ भिजवली. वैद्यनाथरावांनी हसायचा पुष्कळ प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाणीने त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. पडद्यावर वाळूच्या टेकड्यांचं चित्र होतं आणि मधोमध एक काळा डाग, त्याभोवती दोन रेघा.

"हे तळं तुम्हांस कसं दिसलं?"

"काळं दिसलं. पाणी काळं असतं, तूच सांगितलंस."

"हे पाणी नव्हे. ढगाची सावली आहे. ढग चित्राच्या बाहेर राहिला, सावली तेवढी आत पडली. मी चुकले. आता मागल्या आठवड्याचं चित्र उघडलं तेव्हा कळलं. तेथे नुसती वाळू आहे."

"मग मीही चुकलो. दोघं चुकलो. चुकतो माणूस."

वाणीने काळ्या डागावर बोट ठेवलं. "तुम्ही ही चूक करत नाही, अप्पा," ती म्हणाली. "मागले दोन महिने तुमच्या रेघा पाहिल्या आहेत मी. काठ दिसल्यावाचून तुम्ही हात हलवत नाही. आधी पांढरी कड शोधतां, मग तीवरून फिरतां. या सावलीस काठच नाही. तुमच्या डोळ्यांनी हे तळं काढलंच नसतं."

वैद्यनाथरावांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. ते खुर्चीवर बसले.

"मी तुझी रेघ गिरवली," ते म्हणाले. "सगळीच गिरवली."

"कां?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. दहा वर्षं सांभाळलेला नेम एका वाक्यात मोडला. "तू जाऊ नयेस म्हणून. मज तू येथे पाहिजेस, वाणी. तुझ्यावाचून हे घर मज आवडत नाही."

वाणीने पडदा बंद केला. तिचे डोळे भरून आले होते. "मॅडमना सांगावं लागेल," एवढं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून मायलेकींचं हळू आवाजातलं बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. तिला आपला राग आला आहे, असंच वैद्यनाथराव समजले, आणि तो येणं रास्तच आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

फोन त्यांनी स्वतः केला, पडद्यावर तोंड दिसतं तसला. जयश्रीबाई चाळिशीच्या, केस आखूड कापलेल्या, मागे भिंतीवर मोठा नकाशा. वैद्यनाथरावांनी आधी नमस्कार केला आणि मग आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "या महिन्याचं माझं काम माझं नव्हे. मुलीचं पाहून मी केलं. तिस ठाऊक नव्हतं. दोष मजकडे आहे, तिजकडे नाही."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "काका, तुमचं मराठी ऐकून मला माझ्या पणजीच्या काळात गेल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "हा महिना रद्द करावा लागेल. नवी चित्रं पाठवते, आठ दिवसांत दोघांनी वेगवेगळी करून द्या. त्यातही जमलं नाही तर मला काही करता येणार नाही. पण एक सांगा, तुम्ही तळी इतकी मोठी का काढता?"

"दिसतात तेवढी काढतो," वैद्यनाथराव म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात त्यांना करमेना. वाणी म्हणाली, "चला, महामहम कुळमापर्यंत फिरून येऊ." कुंभकोणमचं ते मोठं देवतळं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आणि काठावर लहान लहान मंडप. घरापासून लांब नव्हतं. दोघं चालत गेले. पाणी त्या दिवसांत बरंच खाली होतं. वरच्या पायरीशी येताच वैद्यनाथरावांनी नेहमीसारख्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खाली उतरायला लागले.

वाणी मागेच थांबली होती. "अप्पा, चपला येथे कां काढलां?"

"कुळम् आलं म्हणून."

"पाणी तर तेथे खाली आहे."

"पाण्याचं काय? कुळम् येथून आहे," ते म्हणाले आणि वरच्या पायरीवर पायाने थोपटलं.

"आणि पाणी मुळीच नसलं तर?"

"नसलं तर काय कुळम् उठून जातं? मागे साफ करण्यास सगळं उपसलं होतं, पोरं तळाशी चेंडू खेळत होती. तेव्हाही म्हातारी माणसं येथेच चपला काढीत होती."

एवढं बोलून ते स्वतःच थबकले. वाणी त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. वैद्यनाथरावांनी खाली पाण्याकडे पाहिलं, मग वर आपल्या चपलांकडे, मग पुन्हा पाण्याकडे. राजस्थानातली आणि ऑस्ट्रेलियातली झाडून सगळी तळी त्यांनी वरच्या पायरीपासून मोजली होती. मिठाची पांढरी कड दिसली की त्यांच्या लेखी तिथे पायऱ्या सुरू झाल्या, तळं आलं. आत पाणी किती हा त्या सालचा प्रश्न.

"जोधपूरवाले पाणी विचारतात," ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही त्यांस चपला काढायला लावतां," वाणी म्हणाली आणि पायरीवर बसून हसत सुटली. तिला हसू आवरेना. वैद्यनाथरावांनाही मग आवरलं नाही. या गावात जन्माला आलेल्या कुणाचीही अशीच गत झाली असती, खुद्द वाणीचीही. पण दहा वर्षं नकाशे काढून तिचे डोळे बाहेरगावचे झाले होते. कुळमाला फेरी घालणाऱ्या दोन बायका वळून वळून बघत पुढे गेल्या.

पुढचे आठ दिवस वैद्यनाथरावांनी असं काम केलं की मीनाक्षीबाईंना कॉफी तिथेच नेऊन द्यावी लागली. चूक कळली म्हणजे हात मोकळा होतो. ते आधी डोळ्यांनी काठ शोधत, तिथे मनातल्या मनात चपला काढत, मग एकेक पायरी खाली उतरत जात आणि पाण्याला पाय लागला की तिथून रेघ धरत. वाणीच्या टेबलाकडे त्यांनी मान वळवली नाही. मध्ये दोघांनी आपणहून जुन्या कपाटाचा आडोसाही करून घेतला होता. हे काम हातून जाईल ही भीती होतीच, पण काम करताना ती आठवत नसे.

त्यातलं ऑस्ट्रेलियातलं एक तळं त्यांना विशेष आवडलं. पहिल्या चित्रात ते नुसतं पांढरं, हाडासारखं कोरडं होतं. मग एका चित्रात वरच्या कोपऱ्यातून एक निळा दोरा आत शिरला. पुढच्यात तो दोरा रुंद झाला, तळाशी पसरला, आणि शेवटच्यात पाणी काठाला येऊन भिडलं. तिथे पाऊस झालाच नव्हता. वाणीने नंतर सांगितलं की शेकडो मैल दूर पडलेला पाऊस नद्यांमधून सरपटत तिथे येतो. वैद्यनाथरावांनी त्या तळ्याला रेघ काढली आणि शहारून अंगावर काटा आला तो मीनाक्षीबाईंना दाखवला. या वयात आपल्याला नवं काही आवडू शकतं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

काम पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी जयश्रीबाईंचा फोन आला. वाणीने फोन मधोमध ठेवला आणि दोघं दोन बाजूंना बसले. मीनाक्षीबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन दारात बसल्या.

"आकडा अठ्ठ्याऐंशी आलाय," बाई म्हणाल्या. "नव्वदला दोन कमी."

वैद्यनाथरावांनी वाणीकडे बघायचं टाळलं.

"पण जिथे जुळलं नाही ती चित्रं मी स्वतः बसून पाहिली," बाई पुढे म्हणाल्या. "वाणीने पुन्हा दोन सावल्यांना पाणी म्हटलंय, काकांनी नाही. आणि नुकत्याच झालेल्या पावसाचं उघड्या वाळूवरचं पाणी काकांनी चक्क सोडून दिलंय. काठ नव्हता ना त्याला. ते वाणीने बरोबर धरलं. दोघं एकसारखं बघत असता तर मला एकाचाच उपयोग झाला असता. मी वरिष्ठांशी बोलले आहे. दोन वर्षांचं काम तुमचं."

वैद्यनाथरावांनी हात जोडले. बाईंना ते दिसलं नाही, कारण आज फोन नुसता आवाजाचा होता. बोलणं संपलं तरी ते तसेच बसून होते. मग त्यांना एकदम घाई सुचली.

"वाणी, आता त्या कंपनीस कळव. येत नाही म्हणून आजच कळव. महिना संपत आला."

वाणीने अम्माकडे पाहिलं. अम्मा शेंगा मोडत होत्या.

"कळवलं आहे, अप्पा."

"कधी?"

"तुम्ही मज जाऊ नको म्हणालां, त्याच दिवशी. कुळमावर जायच्या आधी. सरस्वतीसही सांगितलं, खोली पाहू नको."

वैद्यनाथरावांनी बोटांवर दिवस मोजले. "तेव्हा तर कामाचं काहीच ठरलं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि हे न मिळतं तर?"

"दुसरं पाहिलं असतं. तुम्ही दोघं दर खेपेस इतक्या हसऱ्या तोंडाने मज गाडीत बसवतां, अप्पा. मज वाटायचं, मी गेल्यावर तुम्हांस सुटल्यासारखं होत असेल. कोणी रहा म्हणेल, याची मी दीड वर्ष वाट पाहत होते."

वैद्यनाथराव बायकोकडे वळले. "तुजलाही ठाऊक होतं?"

"त्याच सकाळी सांगितलं तिने मज, चुलीपाशी," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "तुम्हांस सांगू नको, असं मीच म्हणाले."

"आठ दिवस माझा जीव टांगणीस लावलां दोघींनी. कशासाठी?"

"इतक्या वर्षांत प्रथमच तुम्ही मनातलं एक वाक्य तोंडाने बोललां होतां," मीनाक्षीबाईंनी शेंगेची साल ओढून काढली. "म्हटलं, आणखी एखादं बोलतां का पाहू."

वैद्यनाथरावांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, नाक पुसलं, घसा साफ केला. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"रहा," ते वाणीला म्हणाले, आता सांगायची काही गरज उरलेली नसताना. "येथेच रहा."